आई म्हणाली, देवावर सोड

पोटातल्या बाळाला गोळीचा त्रास होईल की गोळी नसण्याचा, हा गुंता सातवा महिना लागला तरी मला सुटला नव्हता. मला लहानपणापासून फिट येतात. इथे परदेशातल्या डॉक्टरबाई दर वेळी बजावायच्या, "गोळी मनाने बंद करू नका. फिट आली तर धोका दोघांनाही आहे." समोर बसलं की पटायचं, सेंगकांगच्या आमच्या फ्लॅटवर येऊन मोबाइलवर गोळीबद्दल वाचलं की पुन्हा घाबरगुंडी. गणपतीपुढे हात जोडावेत, तर मागायचं काय तेच कळेना. शेवटी पुण्याला आईला फोन लावला आणि रडले. आई म्हणाली, "किती विचार करतेस गं? आता सगळं देवावर सोड."

मी गोळी सोडली. आईच्या तोंडून बाप्पाच बोलला असं मला वाटलं. नवऱ्याला सांगितलं नाही. इतकं हलकं वाटत होतं की यालाच श्रद्धा म्हणत असतील, अशी माझी समजूत झाली.

मग एका संध्याकाळी भाजी घेऊन दोघं परतताना एलआरटीच्या, म्हणजे इथल्या छोट्या मेट्रोच्या, फलाटावर मी कोसळले. पुढचं सगळं नवऱ्याकडून ऐकलेलं. चांगी बिझनेस पार्कमध्ये बँकेच्या सिस्टिम सांभाळणारा हा माणूस, पण ऐन वेळी आजोळचं शिक्षण वर आलं. पायातली चप्पल काढून तो माझ्या नाकाला लावायला निघाला. तेवढ्यात एका वयस्क चिनी आंटीने त्याचा हात धरला. "स्लिपर फॉर व्हॉट? बेबी इनसाइड लाह, टर्न हर लेफ्ट." तिने मला डाव्या कुशीवर वळवलं, आपली पिशवी डोक्याखाली सरकवली आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत लोकांना लांब ठेवलं. नंतर नवऱ्याने वळून पाहिलं तर ती गेलेली होती. पिशवी आमच्याबरोबर हॉस्पिटलात आली.

शुद्धीवर आले तेव्हा नर्स पोटावर यंत्र फिरवत होती आणि ठोके सापडत नव्हते. मी फार घाबरले होते. देवाचं नावही आठवेना. मग ते धडधडणं ऐकू आलं, आणि नवरा चप्पल हातात धरूनच रडायला लागला.

आईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अगं, काळजी सोड म्हटलं होतं मी. गोळी कशाला सोडलीस?"

मुलगी सुखरूप झाली. देवावर सोडायचं ते नेमकं काय, हे मला अजून नीट सांगता येणार नाही. गोळी त्यात येत नाही एवढं मात्र कळलं. आंटीच्या पिशवीत संत्री होती आणि उदबत्त्यांचा एक पुडा. ती तिच्या कुठल्या देवाला निघाली होती, कोण जाणे. तिला शोधायला आम्ही त्या फलाटावर कितीदा गेलो, पण ती भेटली नाही. तेव्हा त्या उदबत्त्या मी बाप्पापुढे लावू लागले. रोज आधी गोळी, मग उदबत्ती. हात जोडले की आभार नक्की कोणाचे मानायचे, हा गोंधळ तेवढा उरतो, आणि तो सुटला नाही तरी आता चालेल.