मैदानावरची सायकल

एकाहत्तरच्या लढाईनंतर मी रोज सकाळी प्रताप नगरच्या मैदानावर फिरायला जायचो. तिथे एक उंच माणूस एका बाईला सायकल शिकवत असे. त्याच्या सदऱ्याची उजवी बाही कोपरापासून रिकामी होती. डाव्या हाताने सीट धरून तो मागे धावायचा. ती पडली की मुद्दाम दुसरीकडे पाहायचा, तिला लाजल्यासारखं होऊ नये म्हणून.

लोक कुजबुजत. एकदा मी विचारलं, "घरच्याच का?"

"दोस्ताची बायको आहे जी," तो म्हणाला. "मले गोळी लागली तेव्हा त्यानंच पाठीवर घेऊन आणलं. मग दुसऱ्याले आणाले गेला, तो आलाच नाही. लोक त्याच्या फोटोले हार घालतात, चांगलंच आहे. पण वैनीले शाळेत नोकरी लागली, अन् शाळा दूर आहे. तिथं पोचाले तर पाहिजे ना?"

मी हे फिरायला येणाऱ्यांना सांगितलं. मग सायकल दिसली की सगळे बाजूला होऊन वाट देऊ लागले.

एका सकाळी ती एकटीच मैदानाला फेरी मारून थेट रस्त्याला लागली. तो मागे धावला नाही. जागेवरूनच म्हणाला, "मागं पाहू नका वैनी, घंटी वाजवा."

घंटी वाजली, आणि वळणापलीकडे जाईपर्यंत वाजत राहिली.