वारं दम खातंय

“वाट तुमच्या क्रेननं अडिवली, आता हरभरा तुमीच उफणा,” असं म्हणून सुंदरबाईंनी माझ्या हातात पाटी दिली. मी साइट इन्चार्ज. मांजरसुंब्याच्या वरच्या माळावर आमच्या पवनचक्कीचं तिसरं पातं बसवायचं राहिलं होतं, आणि चार दिवस झाले तरी वारा काही पडत नव्हता.

बाईंचं खोटं नव्हतं. गाडीवाटेवर आमची क्रेन आडवी उभी, आणि एकदा जोडलेली क्रेन बाजूला घेणं म्हणजे दोन दिवसांचं काम. मळणीयंत्र शेतापर्यंत पोचेना, म्हणून सत्तरीच्या बाईंनी हरभरा काठीनं बडवून काढला होता. उफणायचा तेवढा राहिलेला. उफणायचं म्हणजे पाटी डोक्यावर उंच धरून हळूहळू ओतायची. दाणा सरळ खाली पडतो, भूस वारा घेऊन जातो.

आमचं नेमकं उलटं. पातं पन्नास मीटर लांब. वारा सेकंदाला आठ मीटरच्या वर गेला की उचलायचं नाही, हा नियम. खाली सहा जण दोर धरून उभे राहतात आणि बोल्ट लावायला दोघं वर हबमध्ये असतात. हब म्हणजे टॉवरच्या टोकाला जिथं पाती जोडतात तो गोल भाग. लटकलेलं पातं वाऱ्यानं फिरलं, तर त्या दोघांना पळायला जागा नसते.

वारा असला की बाईंचं काम, नसला की आमचं. माझी माणसं नुसती पत्ते कुटत होती. म्हटलं, चला रे, खळ्यावर. कुरकुरत गेले, पण चहा बाईंच्या हातचा होता, म्हणून दुसऱ्या दिवशी न सांगता गेले. आमचा फिटर बाबू सगळ्यात पुढं. धारूरकडचा गडी, दोन लेकींचा बाप, एरवी तोंडातून शब्द न निघणारा.

“वारं पाठीला पायजे,” बाई त्याला शिकवायच्या. “गालाला लागलं की घुमतंय समजायचं, पाटी खाली ठिवायची. आन एकदम गप झालं तर लई सांभाळायचं. ते पडलेलं नसतं बाबा, दम खातंय.”

मला गंमत वाटायची. आमच्या फॉर्मवर वाऱ्याला एकच रकाना, स्पीड. बाईंचं वारं सुटायचं, धरायचं, फिरायचं, घुमायचं, रुसायचंसुद्धा. शेजारणीच्या सुनेच्या खोड्या सांगाव्यात तशा त्या वाऱ्याच्या सांगायच्या. मी मान डोलवायचो आणि परत मीटर बघायचो.

सहाव्या दिवशी सकाळी आकडा जरा उतरला, म्हणून बाबूला आणि त्याच्या जोडीदाराला वर पाठवलं. दुपारी बाराच्या सुमारास क्रेनच्या टोकावरचा मीटर पाचवर आला. तेवढ्यात पुण्याहून मॅनेजरसाहेबांचा फोन.

“रीडिंग काय?”

“पाच, सर.”

“मग थांबलात कशाला?”

“उचलतोच, सर.”

वॉकीटॉकीवर ऑर्डर दिली. वरून बाबूचा आवाज आला. “साहेब, नका उचलू. गालाला लागायलंय.”

“बाबू, मीटरवर पाच आहे.”

“आसंल. पर मघाशी गालाला लागलं, आता मानेला, आन आता काहीच न्हाई. दम खातंय ते.”

माझा पारा चढला. सहा दिवसांचा ताप डोक्यात होता. म्हणालो, “तू फिटर आहेस का ज्योतिषी?”

तो शांतपणे म्हणाला, “साहेब, वर मी हाय.”

मी खळ्याकडं बघितलं. सुंदरबाई पाटी खाली ठेवून हरभऱ्याच्या ढिगावर गोधडी टाकत होत्या. मी क्रेन ऑपरेटरला हात केला, थांब. साहेबांना फोन लावला.

“थांबतोय, सर.”

“कारण?”

“वरचा माणूस नको म्हणतोय.”

“असं कारण फॉर्ममध्ये बसत नाही.” त्यांनी फोन ठेवला.

दहा मिनिटं झाली नसतील. माळाच्या कडेवरून वावटळ उठली. आमच्या शेडचा पत्रा तिनं कागदासारखा नेला. मीटर पाचावरून सतरावर गेला. जमिनीवर पट्ट्यांनी आवळलेलं पातं थरथर कापत होतं. ते वर असतं तर, एवढंच मनात येत होतं. मी दगडावर बसलो आणि खरं सांगतो, रडलो.

बाबू उतरला तो सरळ खळ्यावर गेला आणि बाईंच्या पायाशी वाकला.

“पाया मागून पड,” बाई म्हणाल्या. “आदी हरभरा येच. समदा इस्कटला.”

गोधडी बांधाला जाऊन अडकली होती. आम्ही चौदा जण संध्याकाळपर्यंत मातीतून हरभरा वेचत होतो. तिसऱ्या दिवशी पहाटे वारं खरोखर पडलं आणि पातं बसलं. ऑफिसातून खुलासा मागवणारं पत्र आलं. मी उत्तरात हबमधल्या दोघांची नावं लिहिली आणि पुढं लिहिलं, दोघंही सुखरूप घरी गेले.

त्यानंतर रिटायर होईपर्यंत बरीच पाती चढवली. मीटर रोज बघितला, तो बघावाच लागतो. पण ऑर्डर देण्याआधी वॉकीटॉकी तोंडाशी धरून विचारायचो, “वर कसं हाय?” आणि उत्तर येईपर्यंत फोन उचलायचो नाही.