मावशीचं खुसपट

माझ्या मावशीने आजवर किती बेडूक, किती छत्र्या आणि किती टोप्या काढल्या आणि पुसल्या याची मोजदाद तिलाही करता येणार नाही. मावशी चित्रकार. साबणाचं वेष्टन, गोळ्यांचं खोकं, दुकानाची पाटी, असं जे जे कोणीतरी काढलेलं असतं आणि कोणी काढलं हे विचारायचं कोणाच्या मनातही येत नाही, ते सगळं काढणारी. दाताच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचा स्टुडिओ आहे. तिथे खिडकीजवळच्या टेबलाशी ती एकतीस वर्षं बसली. मी त्याच स्टुडिओत गिऱ्हाइकांशी बोलायचं काम करते. थोडक्यात, ती चित्रं काढते आणि मी बोलणी खाते.

गिऱ्हाइकाचा एक स्वभाव असतो. काम आवडलं तरी "छान झालंय" एवढं म्हणून त्याला उठता येत नाही. काहीतरी बदलायला लावल्याशिवाय त्याला घरी जाऊन जेवण जात नाही. हे अक्षर जाड करा, हा निळा अजून जरा निळा करा, आमच्या मिसेसना गुलाबी आवडतो. मी यावर मनातल्या मनात फार वाईट बोलते. मावशी खाली मान घालून ऐकते, म्हणून सगळे तिला गरीब समजतात. पण तिचा तोडगा ठरलेला होता. प्रत्येक कामात ती एक भलतीच वस्तू मुद्दाम घालायची. गादीच्या जाहिरातीत झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर टोपी. साबणावर बेडूक. गिऱ्हाईक भुवया वर करायचं, "हा बेडूक कशाला?" म्हणायचं, आणि मावशी जड अंतःकरणाने बेडूक पुसायची. बेडूक आपण पकडला या आनंदात गिऱ्हाईक बाकीच्या चित्राला फारसा हात न लावता जायचं. फारसा. अक्षरं तेवढी जाड व्हायचीच.

"लोकांना खुसपट काढायचंच असतं," ती मला म्हणायची. "मग आपणच एक ठेवून द्यावं. शोधायचे कष्ट वाचतात बिचाऱ्यांचे."

ही विद्या तिला घरातच मिळाली होती. आजोबा, म्हणजे तिचे वडील, घड्याळजी. एका डोळ्याला भिंग लावून लोकांच्या घड्याळांत कुठे काय चुकलंय ते शोधण्यात त्यांचं आयुष्य गेलं. दुकान बंद केलं तरी सवय सुटली नाही. मावशी लहानपणी चित्र दाखवायला गेली की भिंग चढायचंच. मांजराला डावीकडे चार मिशा, उजवीकडे तीन! आठव्या वर्षी तिच्या लक्षात आलं की एक ठळक चूक सापडली की बाबा भिंग उतरवतात आणि चित्र परत देतात. त्या दिवसापासून तिच्या मांजरांना एका बाजूला मिशा कमीच उगवल्या. हे गुपित तिने माझ्याखेरीज कोणाला सांगितलं नव्हतं.

मी शिकायला म्हणून त्या दोघांकडे राहायला आले ती तिथलीच झाले, त्यामुळे पुढचा प्रकार मी शेकडो वेळा पाहिलाय. दुकानातून मावशीच्या चित्राचं नवं काही घरी आलं की आजोबा ते हातात फिरवायचे आणि विचारायचे, "यातलं तुझं काय?" मावशी सांगायची, "पान माझं. अक्षरं माझीच होती, पण त्यांनी जाड केली. रंग त्यांच्या बायकोचा." आजोबा "हं" म्हणायचे. त्या "हं"मध्ये तसं काही नव्हतं, पण मावशीला तो लागायचा.

"फक्त एकदा मला 'सगळं' असं उत्तर द्यायचंय," ती मला म्हणाली होती. "मग निवृत्त झाले तरी चालेल."

निवृत्तीला चार महिने उरले आणि 'कानोसा' आलं.

कानोसा हे बातम्यांच्या एका नव्या चॅनेलचं नाव. मालक पूर्वी शिंपी होते. एका दुकानाची सात दुकानं झाली, आणि मग आपलं एक चॅनेल असावं असं त्यांच्या मनाने घेतलं. चॅनेलचं घोषवाक्य त्यांच्या मेहुण्याने, म्हणजे बायकोच्या भावाने ठरवलं होतं: 'सर्वांत आधी!' या मेहुण्याचं चॅनेलमध्ये नेमकं काम काय हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण पहिल्या भेटीत सगळ्यांत जास्त तोच बोलला. लोगोत त्याला फिरणारी पृथ्वी हवी होती, पृथ्वीतून निघणारी वीज हवी होती, आणि जमल्यास विजेतून ज्वाळा. "धमाका पाहिजे," तो म्हणाला. मी वहीत 'धमाका' लिहिलं आणि त्याला बरं वाटावं म्हणून खाली दोन रेघाही मारल्या.

मावशीच्या डोळ्यांपुढे पहिल्या दिवसापासून कान होता. दाराला लावलेला कान, हात न उचलता एकाच रेषेत काढलेला. ऐकायला सोपं वाटतं. कान काढायला बसा, म्हणजे कळेल. तिने त्रेचाळीस कागद भरले. काही कान कोबीसारखे झाले. एक हुबेहूब आमच्या स्टुडिओच्या साहेबांचा झाला, तो तिने घाईघाईने फाडून टाकला.

शिवाय चॅनेलचा लोगो पडद्याच्या कोपऱ्यात नखाएवढा बसतो, आणि मागे आग असो की बर्फ, तो दिसावा लागतो. म्हणून मावशी कान छापून, कापून, घरच्या टीव्हीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात चिकटपट्टीने लावायची आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून डोळे बारीक करून बघायची. समोर आजोबा मॅच बघत बसलेले, आणि स्कोअर नेमका त्याच कोपऱ्यात.

"अगं, काढ तो कान तिथून! किती झाले ते दिसत नाही."

"दोनच मिनिटं, बाबा."

"दोन मिनिटांत माणूस आउट होतो."

त्या दोन मिनिटांचे तीन आठवडे झाले. आजोबांनी कानासकट मॅच बघायची सवय करून घेतली.

शेवटी कान जमला. मला चित्रातलं ओ की ठो कळत नाही, पण तो कागद बघून आपणही गप्प राहून ऐकावं असं वाटलं. खोटं कशाला बोलू, माझे डोळे भरून आले. मी ते सर्दीवर ढकललं. मावशी म्हणाली, "याला मी कोणाला हात लावू देणार नाही." आणि ती खुसपट ठरवायला बसली.

साधंसुधं खुसपट या वेळी चालणार नव्हतं. बेडकावर मेहुण्याचं पोट भरलं नसतं. त्याचा सगळा जोर जिथल्या तिथे संपेल असं काहीतरी हवं होतं. 'सर्वांत आधी' म्हणणाऱ्या चॅनेलला काय अजिबात म्हणजे अजिबात चालणार नाही? मावशीने जेवणाचा डबा उघडता उघडता पेन्सिल उचलली आणि दोन मिनिटांत कानाच्या पाळीखाली एक गोगलगाय काढली. शिंगं वर करून निवांत निघालेली. मी इतकी हसले की दवाखान्यातून कोणीतरी खालून छताला काठी ठोकली.

चॅनेलच्या ऑफिसात रंगाचा वास अजून होता आणि खुर्च्यांवरचं प्लास्टिकही निघालं नव्हतं. मावशीने कागद टेबलावर ठेवला. मेहुणा बसला होता तो उभाच राहिला.

"गोगलगाय? आपल्या चॅनेलला? अहो, आपण सर्वांत आधी आहोत!"

मावशीने चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि एक उसासा सोडला. हा उसासा माझ्या चांगल्या ओळखीचा आहे, बेडकाच्या वेळचाच. "मला वाटलं, जरा गंमत," ती म्हणाली. "तुम्ही म्हणत असाल तर काढून टाकते."

"टाकाच! कान काय, ठीक आहे. कान राहू द्या."

मी टेबलाखाली मावशीचा पाय दाबला. जिंकलो होतो आम्ही.

मालक इतका वेळ नुसते कागदाकडे बघत होते. त्यांनी कागद उचलला, कापड बघतात तसा अंगठ्याने चोळला आणि खिडकीतल्या उजेडात नेला.

"ताई," ते म्हणाले, "मी बावीस वर्षं शर्ट शिवले. गिऱ्हाईक ट्रायलला आलं की एक बाही मी मुद्दाम अर्धा इंच लांब ठेवायचो. ते म्हणायचं, बाही लांब झाली हो. मी म्हणायचो, वा, काय नजर आहे तुमची! मग कॉलरबद्दल कोणी तोंड उघडायचं नाही." त्यांनी गोगलगाईवर बोट ठेवलं. "ही तुमची लांब बाही ना?"

चोराच्या वाटा चोराला ठाऊक. मावशी लालेलाल झाली. मी उगाच पंख्याकडे बघितलं. मेहुणा "कसली बाही?" असं विचारत राहिला.

"हो," मावशी म्हणाली. नाही म्हणण्यात अर्थच नव्हता.

"मग ठरलं. बाही ठेवा, शर्ट काढून टाका."

पुढची दहा मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. गिऱ्हाइकाशी कधी वाद न घातलेली माझी मावशी त्या मेहुण्याच्या खांद्याला खांदा लावून गोगलगाईविरुद्ध भांडली. ती चूक आहे म्हणाली, मुद्दाम वाईट काढलीय म्हणाली, हवं तर कानाला ज्वाळा लावते इथपर्यंत आली.

"वाईट?" मालक म्हणाले. "इतकी छान बाही मी उभ्या जन्मात शिवली नाही. कानात तुमची मेहनत दिसते, ताई. हिच्यात दिसत नाही."

"पण भाऊजी, सर्वांत आधी!" मेहुणा कळवळून म्हणाला.

"आपल्याकडे कॅमेरे तीन. त्यातला एक कायम तुझ्या गाडीत. कसे पोचणार आपण सर्वांत आधी? खोटं काय ते बातम्यांत बोलू, निदान लोगोत नको." मग ते मावशीकडे वळले. "आणि हिची एक रेघसुद्धा हलवायची नाही. कोणी सांगितलं तरी. मी सांगितलं तरी."

परत येताना मावशी तरातरा पुढे चालत होती. मी म्हटलं, "अगं, तुला हेच हवं होतं ना? कोणी हात लावला नाही."

"कशाला नाही लावला? खुसपटाला!" ती फाडकन म्हणाली. "डबा खायच्या आधी दोन मिनिटांत काढलेल्या खुसपटाला. आता बाबांना काय सांगू? एवढ्या वर्षांत अख्खं माझं असं एकच निघालं, आणि ते मी फेकून द्यायला काढलं होतं?"

मला तिची कीव आली आणि रागही आला. आठ दिवस ती घरात भांडी आपटत होती. कानाचे सगळे कागद माळ्यावर गेले.

चॅनेल सुरू झालं ते एका संध्याकाळी सहा वाजता. मावशी भाजी चिरायचं निमित्त करून स्वयंपाकघरात बसली. मी टीव्ही लावला. पहिली बातमी फुटलेल्या नळाची होती आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात गोगलगाय होती. आजोबा उठले, त्यांनी खणातून भिंग काढून डोळ्याला लावलं आणि ते टीव्हीला नाक टेकवून उभे राहिले.

"इकडे ये गं," त्यांनी हाक मारली. मावशी सुरीसकट आली.

"यातलं तुझं काय?"

"सगळं," मावशी म्हणाली. इतकी वर्षं जपून ठेवलेला शब्द, पण चोरी कबूल करावी तसा तोंडातून निघाला.

आजोबा बघत राहिले. नळाची बातमी संपून दुसरी सुरू झाली. मग ते म्हणाले, "तो कान चालायला लागला की."

मी वाकून बघितलं आणि मला माझीच लाज वाटली. शंखाचं वेटोळं म्हणजे तीच रेषा होती, त्रेचाळीस कागदांवर गिरवलेली. महिनाभर कान काढणाऱ्या हाताने दोन मिनिटांतही दुसरं काय काढलं असतं? मावशीलाही ते आत्ताच दिसत होतं. ती सुरी हातात धरून तशीच उभी राहिली.

"मग? चूक सांगा ना," ती म्हणाली. "भिंग लावलंय ना एवढं."

"सापडत नाही."

"नीट बघा, बाबा."

"बघितलं. या वेळी तू माझ्यासाठी काही ठेवलेलंच नाहीस." आजोबांनी भिंग उतरवलं. "मांजराची मिशी ठेवायचीस तशी."

मावशीने माझ्याकडे बघितलं. मी जोरात मान हलवली, म्हणजे मी नाही बाई सांगितलं.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पाढे तोंडपाठ होते तुझे. तुला मिशा मोजता येणार नाहीत होय? एवढी मेहनत घेऊन चूक ठेवायचीस, मला ती दिसली नाही तर हिरमुसशील, म्हणून दाखवायचो. बाकीचं चित्र आवडायचंच मला."

"मग तसं म्हणायचं होतं की एकदा!"

"तू चित्र लगेच ओढून न्यायचीस."

मावशी खुर्चीत बसून चांगली रडली, आणि रडता रडताच हसायला लागली. या वेळी मीही सर्दीचं नाव सांगितलं नाही. पन्नास वर्षं या दोघांनी एकमेकांना फसवलं आणि मधल्या मधे जगातल्या तमाम साबणांवरचे बेडूक गेले.

थोड्या वेळाने तिने डोळे पुसले. "म्हणजे यातलं काहीच काढायचं नाही म्हणता?"

आजोबांनी पडद्याकडे बघितलं. तिथे आता तो मेहुणा स्वतःच मुलाखत देत होता आणि दोन्ही हात पसरून आपण सर्वांत आधी कसे ते सांगत होता.

"काढायचंच असेल," आजोबा म्हणाले, "तर मागच्या त्या बातम्या काढ. हिच्यावरून लक्ष उडतंय."