पांढऱ्याचा जोडीदार आणि माझा संदर्भ

मी लिहिलेली एक चुकीची ओळ एका साप्ताहिकानं माझ्याकडूनच उचलली, आणि मी त्याच साप्ताहिकाचा संदर्भ लावून ती ओळ खरी ठरवली. यात दुसऱ्या कुणाचा हात नाही. कुपवाडच्या कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडा ठेवून, डाव्या हातानं चपाती आणि उजव्या हातानं मोबाइल धरून मी हे काम तडीस नेलं.

ज्यांना बैलगाडी शर्यतीचा नाद नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्या सातारा-सांगलीकडच्या नादखुळ्या माणसांनी मिळून पळणाऱ्या बैलांचा एक ज्ञानकोश इंटरनेटवर उभा केलाय. पगार कुणाला नाही, मान तर त्याहून नाही. कुणी शिराळ्याचा मास्तर आहे, कुणी मिरजेचा रिक्षावाला, आणि मी लेथवरून उतरलेला प्रत्येक भाग मापून पास-नापास ठरवणारा माणूस. नाव काढलेल्या प्रत्येक बैलाचं तिथं एक पान आहे. बैल कुठल्या गावचा, कुठल्या मैदानात सेमीला गेला, कुठं फायनल मारली, हे सगळं त्यात. आणि पानाच्या तळाशी संदर्भ, म्हणजे हे तुम्ही कशावरून म्हणता त्याचा पत्ता. संदर्भ नसेल तर ओळ उडवायची, असा नियम आहे. तो नियम लिहून काढला मीच. त्यात ‘ऐकीव माहिती ग्राह्य धरली जाणार नाही’ असं एक वाक्य आहे. ‘ग्राह्य’ हा शब्द घातला त्या दिवशी मी घरात जरा ताठ चालत होतो.

तर कवठे महांकाळच्या बाजूला माळावर यात्रेचं मोठं मैदान झालं. फायनल मारली साताऱ्याकडच्या एका शेठच्या गाडीनं. आता गाडी एक असली तरी तिला बैल दोन लागतात, आणि दोन्ही एकाच दावणीचे असतात असं नाही. एक माझा, एक तुझा, अशी जोडी जमवतात. त्याला आमच्यात पैरा म्हणतात. भोंग्यावरून निकाल पुकारताना मात्र एकच नाव येतं, ज्याच्या नावावर गाडी नोंदवली त्याचं. त्या दिवशी शेठच्या गावच्या देवाचं आणि शेठचं नाव पुकारलं. पळालेल्यातला पांढरा बैल शेठचा, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. प्रश्न जोडीदाराचा.

मी मैदानात हजर होतो. पण गाड्या सुटल्या तेव्हा माझ्यापुढं उंच माणसांची तटबंदी होती, आणि मला जे दिसलं त्याला प्रामाणिकपणे धुरळा म्हणतात. दुसऱ्या दिवशी कुपवाडच्या चहाच्या गाड्यावर सगळ्यांचं एकमत झालं की जोडीला शेठचाच तांबडा असणार, दुसरं कोण असतंय. त्यातलं ‘असणार’ गाळून मी संध्याकाळच्या आत पांढऱ्याच्या पानावर लिहिलं, ‘पांढरा आणि तांबडा या दोन घरच्या बैलांनी अंतिम फेरी अशी मारली की माळावरचा वाराही पळायचं विसरून बघत राहिला.’ वारा बघत कसा राहतो हे विचारू नका. ज्ञानकोशात असली वाक्यं चालत नाहीत, हा नियमही माझाच.

आमच्यात साताऱ्यात औषधाचं दुकान चालवणाऱ्या एक बाई आहेत. आम्ही त्यांना मॅडम म्हणतो. मैदानात त्या कधी येत नाहीत, काउंटरमागं बसून सगळं बघतात, आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय गोळी देत नाहीत तसं संदर्भाशिवाय ओळ सोडत नाहीत. त्यांनी माझ्या ओळीला ‘संदर्भ हवा’ अशी चिठ्ठी चिकटवली. नियम लिहिणाऱ्याला नियम दाखवला, याचा मला राग आला. महिनाभर मी तिकडं फिरकलो नाही. मग एका दुपारी शोध घेताना एका साप्ताहिकाची यात्रा पुरवणी सापडली. त्यात शेठचा पांढरा, शेठचा तांबडा, आणि पळायचं विसरून बघत राहिलेला वारा, सगळं छापून आलेलं. इथं मला शंका यायला हवी होती. मला अभिमान आला. म्हटलं, बघा, लिहिणारी माणसं एकाच पद्धतीनं विचार करतात. संदर्भ लावला, मॅडमची चिठ्ठी काढून टाकली आणि डब्यातली भाजी संपवली.

त्यानंतर पांढऱ्याच्या चर्चापानावर, म्हणजे त्या पानाबद्दल वाद घालायच्या जागी, एका वस्तीवरच्या सुनेचा मजकूर आला. पांढऱ्याच्या जोडीला त्यांचा काजळी बैल होता. तांबडा सकाळी लंगडायला लागला म्हणून शेठची माणसं वस्तीवर येऊन काजळी मागून घेऊन गेली. आता यात्रा कमिटी त्या मैदानात फायनल मारलेल्या बैलांचा सत्कार करणार आहे आणि यादी घेतलीय आमच्या ज्ञानकोशावरून. त्यात तांबडा आहे, काजळी नाही. बैल म्हातारा झालाय, त्यानं आयुष्यात मारलेली फायनल ही एवढीच. सासू-सासरे जेवणावर बसले की हाच विषय काढतात. दुरुस्त करा.

मी उत्तर दिलं, ‘कृपया विश्वासार्ह संदर्भ द्यावा.’

त्याच्याखाली मॅडमनी मला फक्त एक प्रश्न विचारला, “तुमची ओळ आधीची, की साप्ताहिकाची?”

मी तारखा बघितल्या. ओळ माझी आधीची होती. साप्ताहिकानं ती माझ्याकडून घेतली होती, वाऱ्यासकट. म्हणजे मी आरशाला साक्षीला उभं केलं होतं आणि त्यानं माझ्या बाजूनं साक्ष दिली म्हणून खूश झालो होतो. दोन बोटांत मावेल एवढा लोखंडी तुकडा मी मापल्याशिवाय पुढं जाऊ देत नाही, आणि इथं अख्खा बैल सोडला होता.

तांबडा खोडून काजळी लिहायला मला एक मिनिट लागलं असतं. मॅडमनी तेही करू दिलं नाही. चहाच्या गाड्यावरचं ऐकून एकदा लिहिलंत, आता वस्तीवरचं ऐकून पुन्हा लिहिणार का, असं त्यांचं म्हणणं. तांबड्याची ओळ त्यांनी उतरवली, पण ती जागा मोकळीच ठेवली. मोकळ्या जागेचा सत्कार कमिटी करत नाही. म्हणून रविवारी मी मोटारसायकल काढली.

वस्ती मेंढरं राखणाऱ्या घराची. त्या सुनेचे सासरे, आबा, बाहेर बाजेवर बसले होते, सासू, म्हणजे मावशी, काजळीपुढं वैरण टाकत होत्या. मी ज्ञानकोशाचा माणूस म्हटल्यावर आबांनी आधी बैलाला नीट उभा केला, मग मला बसायला सांगितलं. आतून एक फोटो आणला. काजळी गुलालानं माखलेला, गळ्यात हार, शेजारी आबा. मी फोटो उलटासुलटा केला. मैदान कुठलं ते त्यात दिसत नव्हतं, दिवस कुठला तेही नाही. बैलाला गुलाल तर बेंदराच्या सणालाही लागतो. मी शक्य तेवढ्या नरम आवाजात म्हणालो की हा पुरावा धरता येणार नाही.

मावशींच्या हातातली वैरण हातातच राहिली. “म्हंजे आमी खोटं बोलतुया?”

“नाही मावशी, खरंच बोलताय. पण तुम्ही सांगितलं म्हणून लिहिलं तर उद्या दुसरा कुणी सांगेल, त्याचंही लिहावं लागेल.”

“मग तांबड्याचं लिवलंसा तवा कुणाला इचारलं हुतं?”

आबांनी मला चहा दिला, मावशींनी त्याच्याबरोबर दिलेली नजर मी अजून विसरलेलो नाही.

पण जाताना एक गोष्ट डोक्यात आली. त्या दिवशी एका चॅनेलनं मैदान सकाळपासून थेट दाखवलं होतं. आम्ही सगळ्यांनी त्यातला फायनलचा शेवट बघितला होता, म्हणजे तोच माझा धुरळा, फक्त वरून. सुटायच्या जागेवर काय चाललं होतं हे कुणी बघितलंच नव्हतं. मी पुढच्या रविवारी सकाळी चहा घेऊन बसलो आणि सगळे गट, सगळ्या सेमी, मधले सत्कार, पाहुण्यांची भाषणं, एकही न ढकलता बघितलं. घरच्यांनी मला वेड लागलं म्हणून सोडून दिलं. आणि फायनलच्या आधी कॅमेरा जुपणी चालली होती तिकडं गेला. पांढरा उभा. त्याच्या शेजारी, वस्तीवर बघितला तसाच, उजवं शिंग आत वळलेला, डोळ्याभोवती काळा, काजळी. वर माइकवाला सांगतोय की आज तांबडा पळत नाही, पैरा त्या वस्तीचा आहे, आणि आबांचं नाव घेतोय. हे थेट चालू होतं, माझी ओळ लिहायच्या आधी. म्हणजे निदान हे तरी त्यानं माझ्याकडून घेतलेलं नव्हतं.

मी ओळ लिहिली. पांढरा आणि काजळी, बस. वारा नाही, माळ नाही. तळाशी चॅनेलचं नाव, दिवस, आणि व्हिडिओत नेमकं कुठं बघायचं ते मिनिट-सेकंदासकट. मॅडमनी बघितलं आणि काहीच चिकटवलं नाही. त्यांच्याकडून याला शाबासकी म्हणतात.

दोन दिवसांनी कारखान्याच्या फाटकावर बुलेट उभी राहिली. शेठचा भाचा होता. बोलणं अगदी गोड. यात्रेच्या रस्त्याला तांबड्याच्या सत्काराचा फ्लेक्स लागलाय, त्यावर मामांचा मोठा फोटो आहे, आता मागं कसं घ्यायचं. मी म्हटलं, उतरवा. मग तो म्हणाला की दोन्ही बैलांची नावं टाका, ‘काहींच्या मते’ असं लिहा, म्हणजे कुणी दुखावणार नाही. खरं सांगायचं तर आमच्या ग्रुपवरच्या अर्ध्या लोकांचंही तेच म्हणणं होतं. सत्कारापुरतं मिटवा, मग बघू. शेठ मोठा माणूस आहे, मैदानं भरवतो, उद्या आपल्याला आत सोडायचा नाही. मी ग्रुपवर लिहिलं की पांढऱ्याच्या शेजारी एकच बैल उभा होता, त्याच्याबद्दल मतं असू शकत नाहीत. ज्याला तांबडा लिहायचाय त्यानं तांबडा दाखवावा. मला काढायचं असेल तर काढा, पण ती ओळ काढलीत तर मी रोज घालीन.

भाच्याचा गोडवा संपला. “सर, पयलं तुमीच लिवलं तांबडा. आता तुमीच म्हंताय काजळी. उद्या आनि काय म्हनशिला. तुमच्यावर इस्वास ठेवायचा कसा मानसानं?”

“ठेवू नका,” मी म्हणालो. “माझ्यावर तर अजिबात ठेवू नका. तळाला संदर्भ दिलाय, तो लावा आणि तुमच्या डोळ्यांनी बघा.”

त्यानं बुलेटवर बसूनच मोबाइल काढला. मी फाटकाला टेकून उभा. त्यानं ती जागा एकदा बघितली, मागं घेऊन पुन्हा बघितली. “शिंग वाकडं हाय खरं,” एवढं म्हणाला आणि किक मारली. फ्लेक्स उतरला नाही. तांबड्याच्या नावावर पांढरा रंग मारून फक्त मामांचा फोटो ठेवला. माझं काही म्हणणं नाही. मामा खरंच तिथं हजर होते, त्याला पुरावा आहे.

मला आणखी एक करायचं होतं. पांढऱ्याच्या चर्चापानावर मी सगळं लिहून ठेवलं: ओळ कुणी लिहिली, ऐकून लिहिली, कुणी उचलली आणि संदर्भ म्हणून परत कुणी लावली. ग्रुपवरचे म्हणाले, काढ, नवी पोरं वाचतात आणि हसतात, ज्ञानकोशाची इज्जत जाते. मी काढलं नाही. काढणारही नाही. आमची इज्जत जर माझं अज्ञान झाकण्यावर उभी असेल तर ती पडलेलीच बरी, आणि नव्या पोरांना हसायला दुसरं बरंच आहे, पण हे एकदा वाचून ठेवावं.

यात्रेला काजळी टेम्पोतून आला. पाठीवर झूल, शिंगांना रंग, चाल हळू. नाव पुकारलं तेव्हा आबांनी फेटा सारखा केला आणि बैल घेऊन पुढं गेले. पंचांनी हार घातला, गुलाल उधळला, काजळीनं हारातली दोन झेंडूची फुलं खाल्ली.

परत आल्यावर आबा मला म्हणाले की एवढं केलंच आहे तर आणखी एक ओळ टाका. गाडी दोन छकड्यांच्या अंतरानं पुढं आली, आणि पांढरा नुसता फरफटत आला, पळाला तो काजळीच. मी म्हटलं, आबा, ते जमणार नाही, शेवटाला नुसता धुरळा आहे. आबांना ते पटलं नाही. मग मी तिथंच, भर मैदानात, त्यांना समजावायला लागलो. आधीचं आणि नंतरचं म्हणजे काय, थेट प्रक्षेपणाला का मानायचं, मी किती भाषणं ऐकली, भाच्याला फाटकावर काय सुनावलं, ग्रुपशी कसा भांडलो. बोलता बोलता माझा आवाज चढला, शेजारचे दोघं-चौघं वळून बघायला लागले.

मावशी कासरा धरून सगळं ऐकत होत्या. माझं संपायची त्यांनी वाट बघितली नाही.

“आवं, बैल पळून गप हुबा हाय,” त्या म्हणाल्या, “आन् धाप तुमाला लागलीया.”