विंचचा पट्टा कशाला बांधला होता?

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचतो, पण खरं सांगायचं तर आजवर एकही मनाला पटला नाही. वाचता वाचता मी प्रत्येकात भोक शोधत असतो. उजेड कुठून होता, सांगणारा तापात होता का, त्याला कोणी आधीच घाबरवून ठेवलं होतं का... माझं शिक्षण मेकॅनिकलचं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बाबा जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात राबले आणि मला अमरावतीला शिकवलं. त्या डिग्रीचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. "बाहेरचं" वगैरे शब्द घरात निघाला की मी ताटावरून उठायचो.

तर आता माझ्या अनुभवात भोक शोधायची पाळी तुमची. सापडलं तर मला कळवा, मी खरंच वाट पाहतोय.

आमचं गाव आसेगावकडचं, आणि माझं वर्कशॉप शेलूबाजारला, हायवेला लागून. फसलेल्या गाड्या काढून देणं हे माझं निम्मं काम. आमच्याकडची काळी माती ज्यांनी पावसाळ्यात पाहिली नाही त्यांना ते कळणार नाही. चाक एकदा बसलं की माती ते धरून ठेवते. त्यासाठी मी एक जुनी फोर-व्हील ड्राइव्ह पिकअप घेतली, डबल केबिनची, आणि तिच्यासाठी विंच शोधायला लागलो. विंच म्हणजे पुढच्या बंपरवर बसवलेला मोटरचा ड्रम. त्याचा दोर सोडायचा, समोर कशाला तरी बांधायचा, बटण दाबलं की गाडी स्वतःच स्वतःला ओढून वर येते.

चार महिने मी त्यात घालवले. लोक डब्यावरचा आकडा बघून विंच घेतात, तिथंच फसतात. तो आकडा ड्रमवर दोराचा एकच थर उरलेला असतानाचा असतो. थर वाढले की ताकद कमी होते. म्हणून गाडीच्या भरल्या वजनाच्या दीडपट तर हवाच, आणि आपल्याकडच्या चिखलाला त्याहूनही थोडा जास्त. मोटरमध्ये पाणी शिरायला नको, ब्रेकनं ताणलेला दोर जागच्या जागी धरला पाहिजे, आणि सुटे भाग अकोल्यात मिळाले पाहिजेत. या सगळ्यात बसणारी एक साधी इलेक्ट्रिक विंच घेतली. दोर स्टीलचा नाही, सिंथेटिक. स्टीलचा तुटला तर माणूस कापतो. त्या दोरावर मी दर दहा फुटांवर लाल रंगाची खूण केली, म्हणजे किती बाहेर आहे आणि ड्रमवर किती उरलाय ते चटकन कळतं. झाडाला बांधायला एक रुंद पट्टा घेतला, त्याची दोन्ही टोकं जोडायला लोखंडी शॅकल, म्हणजे आट्यांची पिन लावून बंद करायची कडी.

या सगळ्याची सर्वांत जास्त टिंगल केली गजूभाऊनं. गजानन आमच्याच गावचा, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, घरी ट्रॅक्टर.

"टॅक्टर असतांना हे कायले पाह्यजे बे?" तो वर्कशॉपमध्ये पाय पसरून बसायचा. "इंजिनिअर झाला अन् गाडीले कासरा बांधून राह्यला!"

"तुझा ट्रॅक्टर फसल तेव्हा ये."

"माहा टॅक्टर? तो फसला तं मी मिशी काढीन."

दोन वर्षांपूर्वीचा ऑगस्ट. तिसरा दिवस झडीचा, पाऊस मोठा नाही पण थांबायचं नाव नाही. मी त्या दिवशी गावातच होतो. सकाळी अकराच्या सुमाराला गजूभाऊचा फोन आला.

"इंजिनिअर, गाडी काढ. मायले पान लागलं."

आमच्याकडे साप चावला असं तोंडानं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. त्याची आई, शांताकाकू, निंदायला वावरात गेली होती. तणात हात घातला आणि नागानं हातालाच धरलं. त्यांचं वावर पांदणीच्या, म्हणजे शेतात जाणाऱ्या कच्च्या वाटेच्या शेवटाला, गावापासून दोन किलोमीटर आत. तिथं अ‍ॅम्ब्युलन्स येत नाही. ट्रॅक्टर त्यानं आधीच बाहेर काढायचा प्रयत्न केला होता, तो गोठ्यापुढंच पोटापर्यंत बसला होता. मिशीची आठवण करून द्यायची ती वेळ नव्हती.

मी पोचलो तेव्हा काकू गोठ्यात भिंतीला टेकून बसली होती. पापण्या अर्ध्या खाली आल्या होत्या. गजूभाऊचा चेहरा पांढरा.

"महाराजाकडं नेऊ का रे पह्यले? वाटेतच हाय."

"वाशीमला न्यायचं. औषध तिथं आहे, महाराजाकडं नाही."

"पोचन का तुही गाडी?"

"पोचेल. मी सांगतो ना."

हे मी म्हटलं. म्हणजे काकूचा जीव आता माझ्या शब्दावर होता, आणि माझा शब्द त्या गाडीवर. काकूला मागच्या सीटवर आडवं केलं, डोकं गजूभाऊच्या मांडीवर, आणि निघालो.

पांदणीत नाल्याच्या अलीकडे एक खोलगट जागा आहे. येताना मी ती कशीबशी पार केली होती. जाताना गाडी तिथंच बसली. पुढं नाही, मागं नाही. चारही चाकं फिरत होती आणि गाडी खाली जात होती.

मी पट्टा खांद्यावर टाकून उतरलो. विंचचा रिमोट हातात. आणि तेव्हा लक्षात आलं की चार महिने मी विंच निवडली, पण झाडच नसेल तिथं ती बांधायची कशाला याचा विचार कधी केलाच नव्हता. दोन्ही बाजूंना सोयाबीन, गुडघाभर. समोर धुरा, म्हणजे वावराचा बांध, त्यावर गवत. बाभळीचा खुंटसुद्धा नाही.

अशा वेळी स्टेपनी जमिनीत आडवी पुरून तिलाच दोर बांधतात. पण तेवढा खड्डा त्या चिखलात एकट्यानं खोदायचा म्हणजे पाऊण तास तरी हवा. मागच्या काचेवर वाफ धरली होती, आतलं दिसत नव्हतं. गजूभाऊचा आवाज तेवढा येत होता — "माय, डोये उघड. माय, आयकते का?" मी मागून फावडं काढलं.

काच वरून दोन बोटं उघडी होती. तिथून काकूचा आवाज आला. अगदी स्वच्छ, थोडा वैतागलेला, घरात कोणाला काम सांगावं तसा.

"निंबाले बांध नं, बापा."

मी मान वर केली. डाव्या हाताला धुऱ्यावर निंब होता. कडूनिंब, चांगला जुना, माझ्या कवेत न मावणारा. मला काही विशेष वाटलं नाही. एवढंच वाटलं की घाईत आपल्याला झाड दिसलं नाही, आणि स्वतःचाच राग आला. दोर ओढत गेलो. पट्टा नियमानं बुडाशी बांधायचा असतो. पण खोडाला कमरेइतक्या उंचीवर एक गुळगुळीत खाच होती, आणि पट्टा गुंडाळला तसा तो तिच्यातच जाऊन बसला. शॅकलची पिन पूर्ण आवळली आणि पाव फेरा उलटी सोडली. ताणानं पिन जाम होऊ नये म्हणून तसं करतात, माझ्या हाताला ती सवयच आहे. आणखी एक आठवतं. तेवढा वेळ माझ्या मानेवर पाऊस लागत नव्हता.

दोर बंपरमधून जिथून बाहेर येतो त्या रोलरच्या तोंडाशी सहावी लाल खूण होती. म्हणजे साठ फूट बाहेर, ड्रमवर थोडाच. ताकद भरपूर मिळणार. बटण दाबलं. दोर ताठ झाला, मोटरचा आवाज जड झाला, आणि बसलेली म्हैस उठते तशी गाडी आधी मागून उचलली आणि मग पुढून. दोन मिनिटांत टणक जमिनीवर. शॅकलमधून फक्त हूक सोडला, पट्टा काढायला थांबलो नाही, दोर गुंडाळला आणि गाडी पळवली.

वाशीमला सरकारी दवाखान्यात वेळेवर पोचलो. इंजेक्शनं सुरू झाली, श्वासासाठी नळी घातली. गजूभाऊचे बाकीचे नातेवाईक आल्यावर मी संध्याकाळी घरी आलो.

बाबा चहा पीत बसले होते. मी सगळं सांगितलं. थोडं फुशारकीनंच सांगितलं असेल, गाडी कशी फसली, विंचनं कशी काढली.

"बांधलं कायले पन?" बाबांनी विचारलं.

"निंबाला."

"कोनत्या निंबाले?"

"नाल्याच्या अलीकडं, पाटलाच्या धुऱ्यावर आहे तो. मोठा."

बाबांनी कप खाली ठेवला. "तठी निंब नाई."

"बाबा, मी बांधला ना त्याला."

"अन् मी खोदला ना त्याले."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"तू दीड वर्साचा होता," ते म्हणाले. "वीज पडली अन् निंब उभा चिरला. पाटलानं आमा चौघाले लावलं. मुयासकट काढला, चार दिवस लागले. मोठा गुनाचा निंब होता तो. गाडी फसली का जो तो त्यालेच दोर बांधे. एवढा बांधला, एवढा बांधला, का कमरेवर वन पडला होता त्याले. चिकना, हात फिरवून पाहावा असा."

त्या खाचेबद्दल मी बाबांना सांगितलं नव्हतं. कोणालाच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं मोटरसायकलवर गेलो, शेवटचा टप्पा पायी. पाऊस थांबला होता, ऊन होतं, लांबवरचं सगळं स्वच्छ दिसत होतं. माझ्या चाकांचे खड्डे पाण्यानं भरलेले तसेच होते. धुरा होता. निंब नव्हता. खोड नाही, खुंट नाही, खाली पडलेला पाला नाही.

पट्टा होता.

गवतावर पडला होता, गोल. दोन्ही टोकं शॅकलमध्ये, शॅकल बंद. आत काही नाही. मी वाकून पिन पाहिली. पूर्ण आवळलेली आणि पाव फेरा उलटी सोडलेली. मी केली होती तशीच. तांत्रिक बाजू ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. खोडाभोवती बांधलेला पट्टा दोनच मार्गांनी सुटतो. एक तर पिन काढायची, नाहीतर झाडाच्या शेंड्यावरून पट्टा वर काढायचा.

खिशातला टेप काढून खड्ड्याच्या तोंडापासून मोजलं. साठ फूट, दोन-तीन इंच इकडेतिकडे. पट्टा जवळजवळ नवाच होता, त्याआधी एकदाच वापरला होता, तोही वर्कशॉपमधल्या लोखंडी खांबाला. त्याच्या आतल्या बाजूला ओल्या सालीचा भुगा चिकटलेला. बाबांनी चिमटीत धरला, जिभेला लावला.

"कडू हाय," ते म्हणाले. मी आजूबाजूच्या सगळ्या धुऱ्यांवर फिरून आलो. त्या भागात, गाडी फसली तिथून दिसेल असं एकही झाड नाही.

काकू नवव्या दिवशी घरी आली. भेटायला गेलो तेव्हा खाटेवर बसून सुनेला भाजीतलं मीठ कमी झाल्याचं सांगत होती. मी विचारलं, "काकू, गाडीत तुम्ही निंबाचं काय बोललात?"

"मी? माही तं जीभच उचलत नोती रे बाबू. मले गोठ्याच्या पुढचं काईच आठोत नाई."

"बोलली," गजूभाऊ मध्येच म्हणाला. "म्या आयकलं. निंबाले बांध म्हने. मले वाटलं माय बरयून राह्यली. तठी कुठी निंब?"

"मग मला सांगितलं काहून नाही?"

"सांगाले उतरलो असतो तं मायचं डोकं कोन धरलं असतं? अन् काचेतून काई दिसत नोतं. गाडी हालली तं म्हटलं, भेटलं असन काईतरी इंजिनिअरले." मग त्यानंच विचारलं, "कायले बांधलं होतं मंग?"

मी सांगितलं. त्यावर गजूभाऊनं काहीच टिंगल केली नाही. हे त्याच्या बाबतीत निंबापेक्षा कमी नवल नाही. मिशी मात्र अजून आहे.

मी माझ्या परीनं सगळं तपासलं आहे. भास म्हणाल, तर भासाला बांधून अडीच टनाची गाडी निघत नाही. पट्टा नुसता चिखलात अडकून धरला असेल, तर अर्ध्या ताणालाच निसटून आला असता. दुसरीकडे बांधला आणि मी विसरलो म्हणाल, तर ते साठ फूट आणि काकूचं वाक्य कुठं बसवू? माझ्या शिक्षणात याचं उत्तर नाही. असं लिहिताना मला कमीपणा वाटतो, पण खोटं उत्तर लिहिण्यापेक्षा हे बरं.

लोक आजही वर्कशॉपवर येतात, कोणती विंच घेऊ विचारतात. मी तेच सांगतो, वजनाच्या दीडपट, ब्रेक बघ, मोटरचं सील बघ, डब्यावरच्या आकड्यावर जाऊ नको. गजूभाऊ तिथं असला तर बाजूनं म्हणतो, "ते सारं ठीक हाय, पह्यले हे इचार का बांधाचं कायले." आणि माझ्याकडं बघतो.

गाडीत आता दुसरा पट्टा आहे. तो जुना वर्कशॉपमध्ये खिळ्यावर टांगलाय, बंद आहे तसाच, गोल. पिन पाव फेरा ढिली आहे, पान्हा लागणार नाही, दोन बोटांनी उघडेल.

अजून उघडली नाही.