सासऱ्यांच्या दहाव्यातलं भाषण

आमच्या जुन्नर-आंबेगावात पुढारी लग्नाला उशिरा आला तर चालतं, दहाव्याला आला नाही तर चालत नाही. सकाळी घाटावर विधी चालू असतो आणि बाजूला माईकवर एकेक जण उठून श्रद्धांजली वाहतो. ज्यानं त्या माणसाला कधी पाहिलेलं नसतं, तोच जास्त वेळ बोलतो.

आमच्या कर्नलसाहेबांना हे कधी जमलं नाही. लष्करातून निवृत्त होऊन ते राजुरीला परतले आणि आमच्या शिक्षण संस्थेचे अध्यक्ष झाले. पहिल्याच भाषणात त्यांनी विचारलं, "शेजारी खोडदला एवढी मोठी दुर्बीण उभी आहे. आपल्या गावातली किती मुलं तिथं शास्त्रज्ञ आहेत?" पुढच्या जूनमध्ये त्यांनी अकरावी-बारावी विज्ञान सुरू केलं.

मी तेव्हा शेजारच्या आळे गावात नवी सून होते. तिथल्या शिक्षिकेच्या जागेच्या मुलाखतीला सासरे सोबत आले आणि बाहेर बाकावर बसले. मी वर्गात पाठ घेत होते, तेवढ्या वेळात साहेबांनी त्यांना आत बोलावलं. काय बोलणं झालं ते सासऱ्यांनी घरी सांगितलं नाही. मला नोकरी लागली. दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या धारा ते काढू लागले आणि मी साडेसहाच्या एसटीनं जाऊ लागले.

काही वर्षांनी थंडीत सासरे अचानक गेले. त्याच सुमाराला साहेब जिल्हा परिषदेला उभे होते. इकडे घरात सुतकातच विषय निघाला.

"आता धारा कोण काढणार?" सासूबाई म्हणाल्या.

सासऱ्यांची बहीण, आत्याबाई, तयारच होत्या. "पोरं काय, कुणीबी शिकवील. गाईला दुसरी सून हाय का?"

माझे मिस्टर टोमॅटोचा टेम्पो चालवायचे. पहाटे नारायणगावच्या मार्केटला गेले की दुपारी परत. ते एवढंच म्हणाले, "दहावा झाला की बघू." काय बघणार, ते मला कळत होतं. शाळेतल्या माझ्या कपाटाची किल्ली मी पर्समधून काढून फळीवर ठेवली.

दहाव्याला सगळे पुढारी आले. एकानं सासऱ्यांना मोठे माळकरी करून टाकलं. मटणाचा बेत ते कधी चुकवत नसत. मग कुणीतरी साहेबांना म्हणालं, "बोला राव, मतं हायेत हितं."

साहेब उठले. "मी यांना एकदाच भेटलो. सुनेला घेऊन आले होते. मी विचारलं, लग्न झालेल्या मुली मध्येच नोकरी सोडतात, हिचं काय? ते म्हणाले, 'घरचं आमी बघतो. तुमी तिला सोडू नका, आमी सोडवणार न्हाई.' त्यांनी शब्द पाळला. नमस्कार."

माईक ठेवून त्यांनी घड्याळ पाहिलं. जाता जाता बायकांच्या बाजूला वळून म्हणाले, "मॅडम, तुमची रजा परवा संपते."

मागून कुणीतरी पुटपुटलं, "ह्यो मतं मागाया आला का हजेरी घ्यायला?" हसू दाबलं गेलं. पिंडाला कावळा भाषणाआधीच शिवून गेला होता, त्यामुळे त्यात कुणी अर्थ शोधू नये.

घरी आल्यावर आत्याबाईंनी पुन्हा सुरुवात केली. सासूबाईंनी त्यांना मध्येच तोडलं. "वन्सं, आता बास. समद्या गावानं ऐकलंय. त्येंचा शब्द मी मोडू व्हय?" मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दोन गाया इकून टाका. ऱ्हायलेल्यांचं मी बघीन."

त्या सकाळी आणखी दोन गावांत दहावे होते. साहेब तिकडे न जाता शाळेत गेले, कारण बारावीचा तास घेणारं कुणी नव्हतं. तो माझाच तास होता. निवडणुकीत ते चांगलेच पडले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे प्रार्थनेला उभे होते आणि उशिरा आलेल्या मुलांना बाजूला काढत होते. निवडणुकीला ते पुन्हा कधी उभे राहिले नाहीत.

मी नोकरीत राहिले. पश्चिमेच्या डोंगराकडच्या मुली आमच्या वसतिगृहात राहून बारावी सायन्स करू लागल्या, त्यांना मी भौतिकशास्त्र शिकवलं. आता नव्या शिक्षकांच्या मुलाखती घ्यायला मीही बसते. एखादी मुलगी आत पाठ घेत असली की बाहेरच्या बाकावर कोण बसलंय ते मी बघते. सासू असो, सासरा असो, आत बोलावते आणि साहेबांचाच प्रश्न विचारते.