धोतरावरचा समुद्र

सोलापुरात, तेही गिरणी कामगाराच्या घरात, एक साधी पांढरी चादर सापडू नये हे ऐकून बाहेरच्या माणसाला हसू येईल. आमच्याकडे चादरी पुष्कळ होत्या, पण एकीवर मोर, दुसरीवर कमळं, तिसरीवर चौकडी. माझा धाकटा भाऊ परदेशातून महिनाभराच्या रजेवर आला तो बॅगेत एक प्रोजेक्टर घालून. "अक्का, भिंतीवर लावायला पांढरं कापड दे, समुद्राच्या आतली चित्रं दाखवतो," असं त्यानं म्हटल्यावर मी अख्खी ट्रंक उपसली. मोरावर समुद्र दाखवता येईना. शेवटी अव्वा उठली. अव्वा म्हणजे आमची आई. कोनाड्यातल्या पेटीतून तिनं अप्पांचं धोतर काढलं. धुऊन, नीळ घालून, घडी करून ठेवलेलं.

अप्पा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी म्हटलं, "अव्वा, हे नको."

"धोतरच हाय की," ती म्हणाली. "त्याच्याच लेकाची चित्रं बगायची हायती."

मी तेव्हा तेहतीस वर्षांची होते, नगरपालिकेच्या शाळेत तिसरीला शिकवत होते. उन्हाळ्याची सुट्टी लागली होती, तरी मी दमलेलीच होते. ते दमणं सुट्टीनं जाणारं नव्हतं. अप्पांनी तीस वर्षं गिरणीत कापसाची धूळ खाल्ली आणि ती शेवटी त्यांच्या छातीत ठाण मांडून बसली. शेवटचं वर्षभर त्यांना आडवं होता येत नव्हतं. उशा रचून बसवायचं, छाती शेकायची, वाफ द्यायची, मग शाळा, मग परत तेच. दुष्काळाच्या सालात घागरी वाहिल्या तेव्हाही इतकी थकले नव्हते.

पाडव्यानंतर त्यांना सरकारी दवाखान्यात ठेवलं आणि मी भावाला तार केली की वडील गंभीर आहेत, ताबडतोब निघ. तो आफ्रिकेत मोंबासाच्या बंदरावर एका कंपनीत यंत्रं दुरुस्त करायच्या कामावर होता. चौथ्या दिवशी उलट तार आली, रजा मिळत नाही. अप्पा रोज संध्याकाळी दाराकडे बघून विचारायचे, "तम्मा आला का?" तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. घरात सगळेच त्याला तम्मा म्हणायचे. मी रोज सांगायचे, "साहेब रजा देईना, अप्पा." कधी न पाहिलेल्या त्या साहेबाला मी त्या दिवसांत मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की त्याचा चेहरासुद्धा मला दिसायला लागला होता. लालबुंद, टकला, पाईप ओढणारा.

एप्रिल संपायच्या आत अप्पा गेले. आमच्यात पुरतात. चुलत्यांनी मूठ मूठ माती टाकली, अव्वानं टाकली, मी टाकली. "तम्माची मूठ ऱ्हायली," एवढंच अव्वा म्हणाली. नंतर त्या पावसाळ्यात एक ओळखीचे गृहस्थ मोंबासाला निघाले, तेव्हा त्यांच्याबरोबर तिनं अप्पांच्या बोटातली चांदीची अंगठी त्याला पाठवली. त्याचं पत्र आलं, अंगठी घातली आहे, आता कधी काढणार नाही. ते पत्र अव्वानं माझ्याकडून पाच वेळा वाचून घेतलं. यंदा तो दारात उभा राहिला तेव्हाही तिनं आधी त्याचा हात ओढून बोट पाहिलं.

"तेव्हापासून एकदा पण काढली नाही, अव्वा," तो म्हणाला.

तर दुपारची जेवणं झाल्यावर आम्ही दारं-खिडक्या लावून घेतल्या. मे महिन्यात सोलापुरात भर दुपारी दारं लावून बसायचं म्हणजे जिवाला शिक्षाच, पण अंधार हवा होता. शेजारच्या तेलुगू मावशी घरातला माग थांबवून आल्या आणि अव्वाला खेटून बसल्या. भावानं मला काम दिलं. पुठ्ठ्याच्या लहान लहान चौकटी होत्या, प्रत्येकीत बोटभर फिल्म. त्या नंबराप्रमाणे खोक्यातून काढून त्याच्या हातात द्यायच्या. लहानपणापासून हे असंच होतं. तो खेळ मांडायचा आणि मी सामान पुरवायचं.

"गेल्या वर्षी चार दिवस गेलो होतो," तो सांगत होता. "समुद्राच्या तळाला प्रवाळ असतात, त्यांची बागच म्हणा ना. ती बघायला लोक पाण्याखाली जातात."

मशिनच्या फटीतून येणाऱ्या उजेडात मी पहिली चौकट धरली. तिच्यावर पेन्सिलीनं नंबर होता आणि खाली महिना आणि साल. अक्षर त्याचंच. प्रत्येक गोष्टीवर तारीख टाकायची सवय त्याला अप्पांनीच लावली होती, वहीच्या प्रत्येक पानावर. महिना एप्रिल होता. आणि साल गेल्या वर्षीचं नव्हतं, त्याच्या आदल्या वर्षीचं होतं. मी दुसरी चौकट बघितली, तिसरी बघितली. सगळ्या त्याच. साहेब रजा देत नव्हता तो हा एप्रिल.

समोर अव्वा पदर सावरून, मान उंच करून बसली होती. दोन वर्षांत तिला मी अशी उत्सुक बघितली नव्हती. आत्ता तोंड उघडावं की नाही? उघडलं तर तिचा नवरा तर गेलाच होता, आता लेकही जाणार. मी पहिली चौकट त्याच्या हातात दिली.

अप्पांच्या धोतरावर समुद्र आला. खाली धोतराचा लाल काठ तसाच दिसत होता. आणि काय ते रंग! निळा, पिवळा, जांभळा, असे रंग की मावशी "अय्यय्यो" म्हणून पुढं सरकल्या. दगडाला फुटलेली झुडपं, पंखे, फ्लॉवरचे गड्डे असावेत तसले गोळे, आणि मधून मासे. "ह्यो मासा बग, पट्ट्यापट्ट्याचा," अव्वा म्हणाली, "आपल्या चादरीवानी." मीही बघत राहिले. रागानं कानशिलं तापलेली असताना ते चित्र मला आवडत होतं, याचाही मला राग आला.

मग भावाचं स्वतःचं चित्र आलं. होडीच्या काठावर बसलेला, डोळ्यांवर काचेचा मुखवटा, पायात बदकाचे पाय, पाठीला पट्ट्यांनी आवळलेलं लोखंडी नळकांडं.

अव्वानं कपाळाला हात लावला. "अगं बया! अजून डबा बांदलाय की पाटीला! इतकी वर्सं झाली, पवायला येईना व्हय रं तुला?"

आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा. कारण डबा आम्हा दोघांच्याही पाठीवर बसलेला होता. अक्कलकोटच्या बाजूला आत्याच्या शेतात विहीर होती. उन्हाळ्यात अप्पा आम्हाला तिथं न्यायचे, तेलाच्या रिकाम्या डब्याचं तोंड डांबरानं बंद करायचे, तो पाठीला बांधायचे आणि पाण्यात सोडायचे. डबा वर, आपण खाली, बुडायची सोय नाही. मी एका उन्हाळ्यात डब्याशिवाय पोहायला लागले. मग मला न्हाण आलं आणि माझी विहीर बंद झाली. तम्माचा डबा मात्र तीन उन्हाळे सुटला नाही. अप्पांनी दोर सैल केला की तो विहीर दणाणून टाकायचा, "अप्पा, डबा! अप्पा, डबा!" आणि अप्पा पुन्हा घट्ट करायचे. ते माझ्या बाबतीत कडक होते, त्याच्या बाबतीत नव्हते.

"डबा न्हवं अव्वा," तो हसत म्हणाला. "डबा वर राहायला असतो, हे खाली जायला. ह्यात हवा भरलेली असते. ही नळी तोंडात धरायची आणि श्वास घ्यायचा."

अव्वाचं हसू थांबलं. "म्हंजी अप्पाला लावलं व्हतं तसलं?"

भाऊ माझ्याकडे बघायला लागला. दवाखान्यात अप्पांच्या उशाशी लोखंडी नळकांडं उभं होतं, नाकाला नळी होती, हे मी त्याला कधी लिहिलंच नव्हतं. लिहून काय होणार होतं?

"किती येळ पुरतं हे?" अव्वानं विचारलं.

"तासभर."

"आत जीव घाबरत न्हाय?"

"नाही. आपल्या श्वासाचा आवाज तेवढा येतो. दुसरं काही ऐकू येत नाही."

"अप्पाचा बी तेवडाच यायचा," ती म्हणाली.

मशिनचा पंखा तेवढा घरघरत होता. मावशींनी पदरानं वारा घेतला. मग अव्वाच म्हणाली, "फुडचं दाव की."

मी पुढची चौकट दिली. पाण्याखाली पसरलेला त्याचा पंजा होता, पाचही बोटं मोकळी, आणि तळहातावर चांदणीच्या आकाराचा एक नारिंगी जीव. "ऱ्हाऊ दे जरा हे," अव्वा म्हणाली. ती बराच वेळ बघत होती. एकदा मान वळवून तिनं माझ्याकडेही बघितलं. मग म्हणाली, "रंग लई झ्याक हाय." उरलेली सगळी चित्रं तिनं शेवटपर्यंत बघितली.

चहाच्या वेळी मी त्याला परसातल्या हौदापाशी गाठलं. "साहेबानं रजा दिली होती म्हणायची," मी म्हटलं.

तो हात धूत होता, धूतच राहिला. थापा मारेल असं वाटलं होतं, पण नाही मारल्या. "तार हातात पडली तेव्हा रजा मागितली आणि मिळाली," तो म्हणाला. "इकडचं तिकीट काढायला निघालो आणि तिकडे गेलो. त्यांना तसं बघायचं धाडस नव्हतं, अक्का. पाण्याखाली गेलं की तेवढा तासभर तार नसायची. दिवसातून दोनदा जायचो." आणि मग, खालच्या आवाजात, "अव्वाला सांगणार?"

एखादीनं त्याच्या मुस्कटात दिली असती. मला तेवढा जोर नव्हता. भांडायलाही माणूस ताजं लागतं. शिवाय एक गोष्ट मी त्याला बोलले नाही, ती इथं लिहिते. त्या महिन्यात मलाही कुणी तासभर असं खाली नेलं असतं, जिथं अप्पांचा खोकला ऐकू येत नाही, तर मी गेले असते. त्याच्या खोट्याचा राग जास्त होता की त्याला पळता आलं याचा, ते मला आजही सांगता येणार नाही. मी म्हटलं, "नाही सांगत. चहा निवतोय."

तो परत जाताना अव्वानं त्याच्याकडून एक चौकट मागून घेतली, पाठीला डबा बांधलेली. तो गेल्यावर मी शाळेच्या दौतीतली शाई घेऊन चौकटीवरची तारीख झाकून टाकली. अव्वाला वाचता येत नव्हतं, पण येणाराजाणारा वाचणारा होता. पुढं किती तरी दिवस ती खिडकीच्या उजेडात ती चौकट धरून ज्याला त्याला दाखवायची, "आमचा तम्मा, समिंदरात." दर वेळी माझा जीव वरखाली व्हायचा की शाईखालचं कुणाला दिसतं की काय. हेही एक कामच होऊन बसलं होतं.

तीन-चार वर्षांनी तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. चौकटीतलं दिसेना तेव्हा तिनं पेटी काढायला सांगितली. अप्पांचं धोतर मांडीवर घेतलं आणि चौकटीवरून बोट फिरवत विचारलं, "हितं शाई कशाला गं लावलीस?"

"डाग पडला होता."

"मला वाचता येत न्हाय, दिसत तर व्हतं की. त्यानं हात दावला त्या दिशी. बोटात अंगटी नव्हती. गेल्या सालचं म्हनला, पर तवर तर अंगटी पोचली व्हती. म्हंजी अप्पा तवा जिता व्हता."

"पाण्यात जाताना काढून ठेवली असेल," मी कसंबसं म्हटलं.

"एकदा पन काढली न्हाय म्हनला की."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुज्याकडं बघितलं की मी. तुला आदीच ठावं व्हतं. माज्यासाटी गप बसली व्हतीस. मी बोलले असते तर तुजं गप बसणं वाया गेलं असतं." तिनं धोतराची घडी चाचपत उलगडली, चौकट मधोमध ठेवली आणि घडी परत घातली. "रोज इचारायचा न्हवं, तम्मा आला का म्हनून? आला म्हनावं आता."

मी पेटी लावली आणि कोनाड्यात सरकवून ठेवली.